घरच्या ताटाचा वाटा आधी काढा

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



बियाणे, खते, आंब्याचा मोहोर, काजूवरचा ढेकण्या यांविषयी या कार्यक्रमात आपण नेहमी ऐकता. आजचा विषय थोडा निराळा आहे. शेतात पिकलेले घरात आले, पुढे त्याचे काय होते? त्यातले बाजारात किती जाते, चुलीवर किती चढते आणि चुलीवर चढलेले घरच्या माणसांच्या अंगी किती लागते? आज त्याचा विचार करू. विषय आहाराचा असला तरी तो निव्वळ बायकांचा आहे असे समजून पुरुष मंडळींनी रेडिओपासून उठू नये. कारण हा हिशेब शेवटी शेतातल्या गुंठ्यांपर्यंत जाणार आहे.

आपल्या मालवण किनाऱ्यावरचे रोजचे जुने जेवण कोणते? सकाळी उकड्या तांदळाची पेज. दुपारी भात, कुळथाची पिठी किंवा माशाचे कालवण, सोबत एखादी पाल्याची भाजी आणि सोलकढी. रात्री नाचणीची भाकरी. पावसात सुकी मासळी. सणाला आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचे सांबारे, पातोळ्या. हे जेवण कोणी पुस्तक वाचून ठरवलेले नव्हते. जमिनीत जे आले, खाडीत-समुद्रात जे मिळाले, त्यातून आज्या-पणज्यांनी ते बसवले.

आता घरोघर काय दिसते? मूल सकाळी उठून म्हणते, ‘‘माका पेज नको, बिस्कीट होया.’’ आणि आईलाही ते सोयीचे पडते. चहात बुडवलेली चार बिस्किटे खाऊन मूल शाळेत जाते. गणपतीला येणारा चाकरमानी पिशवीभर बिस्किटे आणि फरसाण घेऊन येतो. जाताना मात्र तोच चाकरमानी आठवणीने काय मागून नेतो? कुळथाचे पीठ, उकडे तांदूळ आणि आमसुले! गावचा कुळीथ मुंबईला आणि मुंबईचे बिस्कीट गावाला, असा हा उलटा व्यवहार चालला आहे. जिथे पिकते तिथे विकत नाही, असे आपण म्हणतो. इथे तर जिथे पिकते तिथे खातही नाहीत, असे म्हणायची पाळी आली आहे.

जुने ते सारे सोने, असे सांगण्याचा हेतू नाही. जुन्या जेवणातही खोटी आहेत, त्यांच्याकडेही येऊ. पण आधी या जेवणाची शास्त्राने काय परीक्षा केली ते पाहू.

पेजेची परीक्षा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आयकमन नावाचे एक डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करीत होते. या रोगात पायांतली शक्ती जाते, अंगावर सूज येते आणि हृदय थकून माणूस दगावतो. आयकमन यांना असे आढळले, की सडून पांढराशुभ्र केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या तशाच लुळ्या पडतात, आणि तांदळावरचा कोंडा खायला दिला की पुन्हा चालू लागतात. कोंड्यात काहीतरी जीवनावश्यक आहे, हे त्यातून समजले. पुढे ते द्रव्य म्हणजे ब-1 जीवनसत्त्व असल्याचे सिद्ध झाले. आयकमन यांना 1929 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशात याच रोगाच्या चौकशीसाठी 1918 साली निलगिरीत कून्नूर येथे, पाश्चर संस्थेच्या एका खोलीत, डॉ. मॅकॅरिसन यांनी प्रयोगशाळा सुरू केली. तीच प्रयोगशाळा वाढत वाढत 1958 साली हैदराबादला गेली आणि 1969 पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. म्हणजे आपल्या देशातल्या आहारशास्त्राचा श्रीगणेशा झाला तो तांदळापासून.

बेरीबेरीचा जोर होता तो सुरय म्हणजे न उकडलेला, गिरणीत पांढरा केलेला तांदूळ खाणाऱ्या मुलखात. उकडा तांदूळ खाणाऱ्यांत हा रोग फारसा दिसत नसे. असे का? आपल्या बायका भात भिजत घालतात, हंड्यात उकडतात, अंगणात वाळवतात आणि मग गिरणीत नेतात. भात उकडताना कोंड्यातले ब-1 जीवनसत्त्व पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरते आणि तिथेच मुरते. मग गिरणीत कोंडा गेला तरी जीवनसत्त्वाचा बराच भाग दाण्यात राहतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात 100 ग्रॅम पांढऱ्या सुरय तांदळात हे जीवनसत्त्व 0.06 मिलिग्रॅम दिले आहे, तर तितक्याच उकड्या तांदळात 0.21 मिलिग्रॅम. तिपटीहून अधिक! अंगणात भात वाळवणाऱ्या आपल्या आजीला जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नव्हता. उकडलेल्या भाताची कणी कमी पडते आणि पेज पोटाला आधार देते, एवढे तिला ठाऊक होते. तेवढ्याने काम भागले.

पेजेचा आणखी एक गुण आहे. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते. तांदूळ पाच-सहा वेळा चोळून धुतले आणि भात वेळून वरचे पाणी ओतून दिले, तर मिळवलेले गेलेच म्हणून समजा. पेजेत पाणी टाकायचा प्रश्नच येत नाही, सारे वाडग्यातच राहते. शिवाय शेतात घाम गाळणाऱ्या माणसाला अन्न आणि पाणी दोन्ही एकदमच मिळते.

पण नुसत्या पेजेने भागत नाही, हेही लक्षात घ्या. पेज म्हणजे मुख्यतः पिष्ट. तिच्या जोडीला पिठी, उसळ, अंडे, मासळी असे काहीतरी हवेच. नुसती पेज आणि खाराची फोड हे जेवण पोट भरते, अंग भरत नाही.

नाचणीचा चुना

आता नाचणीकडे वळू. हाडे-दात बळकट करणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, तांदळात नावापुरताच असतो. 100 ग्रॅम तांदळात फार तर 10 मिलिग्रॅम. गव्हाच्या पिठात 30 ते 50. आणि नाचणीत? सुमारे 350 मिलिग्रॅम! गाईच्या 100 मिलिलिटर दुधात तो सुमारे 120 असतो. मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आपल्या किनाऱ्यावर दुधाची रेलचेल कधीच नव्हती. तिथे वरकस जमिनीवर, डोंगरउतारावर पिकणाऱ्या या काळपट लाल दाण्याने ती उणीव पुष्कळशी भरून काढली.

नाचणीतला सगळाच चुना अंगी लागतो असे मात्र नाही. दाण्याच्या सालीत काही द्रव्ये अशी असतात, की ती चुना आणि लोह बांधून ठेवतात. ती कमी करण्याचे दोन उपाय आपल्या घरात पूर्वीपासून आहेत. एक म्हणजे नाचणीला मोड आणणे, आणि दुसरा म्हणजे पीठ आंबवून आंबील करणे. शास्त्रज्ञांनी हे दोन्ही उपाय तपासले आणि ते खरे ठरले.

इथे लहान मुलांच्या आयांसाठी एक खास गोष्ट सांगायची आहे. पहिले सहा महिने बाळाला आईचे दूधच द्यावे. त्यानंतर वरचे अन्न सुरू करताना आपल्याकडे नाचणीचे सत्त्व देतात. नाचणी भिजवून वाटायची, फडक्यातून गाळायची आणि खाली बसलेला साका वाळवायचा. हे पचायला हलके असते खरे, पण नाचणीचा चुना मुख्यतः सालीत असतो आणि फडक्यात राहिलेला चोथा आपण टाकून देतो. तेव्हा सत्त्वाऐवजी मोड आणलेल्या नाचणीचे पीठ करावे. नाचणी स्वच्छ धुऊन रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात बांधून ठेवा. दीड-दोन दिवसांत बारीक मोड येतात. मग कडक उन्हात खडखडीत वाळवा, मंद आचेवर थोडी भाजा, मोड चोळून पाखडा आणि बारीक दळा. चाळणी हवी तर बारीक वापरा, पण गाळण्याचे फडके नको. नाचणीच्या तीन वाट्यांना भाजलेल्या मूगडाळीची एक वाटी दळताना मिसळा.

मोड आणल्याने आणखी एक फायदा होतो. साध्या पिठाची खीर शिजली की घट्ट गोळा होते. मग ती पातळ करण्यासाठी आपण पाणी वाढवतो आणि बाळाच्या पोटात पीठ कमी, पाणी जास्त जाते. मोडामुळे धान्यात एक पाचकद्रव्य तयार होते, ते खीर आपोआप पातळ करते. त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत नाचणीला मोड आणण्याच्या या प्रक्रियेवर पुष्कळ काम झाले आहे. बाळाची पोटाची पिशवी एवढीशी असते. तिच्यात जाणारा प्रत्येक चमचा कसदार हवा. खीर नेहमी नीट शिजवूनच द्यावी, वर अर्धा चमचा तूप किंवा खोबरेल सोडावे. पीठ उन्हाळ्यात करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात दमट वास आला किंवा बुरशी दिसली तर मोह न धरता टाकून द्या.

कुळीथ नीट शिजवा

भात कापणीनंतर मळ्यात उरलेल्या ओलीवर येणारा कुळीथ म्हणजे आपल्या हिवाळ्याची देणगी. 100 ग्रॅम कुळथात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात, आणि लोह 7 ते 9 मिलिग्रॅम. तुरीची डाळ महागली की आपण कपाळाला हात लावतो, आणि तिच्या तोडीचे कडधान्य आपल्याच मळ्यात उभे असते. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हा असा.

कडधान्याविषयी बोलताना एका महाराष्ट्रकन्येचे नाव घेतलेच पाहिजे. डॉ. कमला सोहोनी यांनी 1939 साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. पुढे त्यांनी कून्नूरच्या त्याच पोषण प्रयोगशाळेत आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत काम केले. आपली कडधान्ये, भाज्या, नीरा हे त्यांच्या संशोधनाचे विषय होते. कच्च्या कडधान्यात प्रथिने पचवणाऱ्या आपल्या पाचकरसाला अडवणारी द्रव्ये असतात. भारतीय अन्नपदार्थांतल्या या द्रव्यांचा शोध त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1950 नंतरच्या दशकात घेतला. चांगल्या उष्णतेने ही द्रव्ये बहुतांशी नाहीशी होतात. म्हणजे ‘कडधान्य भिजव, मोड काढ आणि मऊ शिजव’ हा घरातल्या म्हाताऱ्यांचा हेका वावगा नव्हता. इंग्रजीत निबंध लिहून त्या थांबल्या नाहीत, घरोघरच्या गृहिणींसाठी त्यांनी मराठीत ‘आहार-गाथा’ लिहिली.

आपली पिठी या कसोटीला उतरते. कुळीथ आधी भाजून, भरडून, मग दळतात आणि ते पीठ पुन्हा उकळतात. दोनदा उष्णता मिळते. पिठी पातळ पाण्यासारखी न करता पीठ सढळ घाला म्हणजे झाले. आठवड्यातून दोनदा मोडाच्या कुळथाची उसळ करा. मोड आले की त्यात क जीवनसत्त्वही तयार होते.

पाला, मासळी आणि आंबट

पहिला पाऊस पडला की टाकळा उगवतो. मागोमाग कुर्डू, भारंगी, फोडशी, अळू. गोकुळाष्टमीला आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी करण्याची आपली रीत आहे. फार चांगली रीत आहे, फक्त ती वर्षातून एकदाच का? शेवग्याच्या 100 ग्रॅम पाल्यात 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते आणि डोळ्यांना उपयोगी पडणारे अ जीवनसत्त्व तयार करणारे द्रव्य भरपूर असते. विहिरीजवळ शेवग्याची एक फांदी रोवली की काम झाले. रानभाजी मात्र ओळखीचीच घ्या. ज्या काजूच्या किंवा आंब्याच्या बागेत तणनाशक वा कीटकनाशक फवारले आहे, तिथला पाला उचलू नका.

मासळीचे काय सांगावे! आपल्याला तिची चव माहीत आहे, तिची किंमतही माहीत आहे. सुरमई-पापलेट बाजाराला जाते ते जाऊ द्या. पोषणाच्या दृष्टीने तारली, पेडवे, बांगडे ही स्वस्त मासळी तिच्यापेक्षा तसूभरही कमी नाही. या तेलकट मासळीतले स्निग्ध पदार्थ हृदयाला हितकर असतात. बारीक मासळी काट्यासकट चावून खाल्ली तर चुनाही मिळतो. रापणीला मासळी जास्त लागली आणि भाव पडला, की त्या दिवशी घरच्या टोपात ती थोडी जास्त पडू द्या.

आता आंबट. पाल्याभाजीत, कडधान्यात, नाचणीत लोह असते, पण शरीर त्यातले थोडेच शोषून घेते. त्याच जेवणात क जीवनसत्त्वाचे काही असले, तर हे शोषण पुष्कळ वाढते. लिंबू, आवळा, ताजी कैरी, पेरू, यांतले काहीही चालेल. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात ज्याचा खच पडतो ते काजूचे बोंडू! बी काढून घेऊन आपण बोंडू झाडाखाली कुजत टाकतो. त्यात क जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी पट असते. चिरून, मीठ लावून, तुरट पाणी थोडे काढून टाकून खा, मुलांना द्या. शिवाय एक पथ्य पाळा. जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहातला तुरट अंश लोह अडवतो. तासाभराने घ्या.

सर्वांत शेवटी जेवते ती

हे लोहाचे पुराण एवढे का लावले, ते ऐका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019 ते 2021 या काळात, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे दोघींमागे एकीहून जास्त. लावणीला वाकणारी, गवताचा भारा आणणारी, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चालणारी बाई धापा टाकते, तिला चक्कर येते आणि आपण म्हणतो, ‘‘उन्हान झाला.’’ उन्हाने नव्हे, पुष्कळदा ते रक्त कमी असल्याने होते.

बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला 19. गरज तिची जास्त आणि ताट तिचे शेवटचे! आधी पुरुष, मग मुले, मग म्हातारी माणसे, आणि टोपाच्या तळाशी राहिलेला रस तिच्या भातावर. माशाची तुकडी तिच्या वाट्याला आली तर आली. शास्त्राने कितीही तक्ते छापले तरी ही पंगत बदलल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही. वाढतानाच तिचे ताट बाजूला काढून ठेवा. एवढे करायला खर्च येत नाही.

गरोदर बाईने डॉक्टरांनी किंवा आरोग्य केंद्राने दिलेल्या लोहाच्या गोळ्या अवश्य घ्याव्यात. आहार त्या गोळ्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. आणि अनवाणी शेतात फिरल्याने हुकवर्म नावाचे जंत तळपायातून शिरतात आणि आतड्यात राहून रक्त शोषतात. म्हणून पायात काहीतरी घाला, शौचालय वापरा आणि जंताचे औषध वेळेवर घ्या.

जुन्यातले काय सोडावे

आता जुन्या जेवणातली खोट. पहिली म्हणजे मीठ. सुका बांगडा, खारवलेली मोरी, खाराची कैरी, लोणचे, पापड. पूर्वी शेतात दिवसभर घाम गळायचा, तरी ते मीठ जास्तच होते. आता तर कामे कमी झाली. माणसाला दिवसाला सगळे मिळून 5 ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा मीठ पुरे. खारवलेली मासळी भिजवून, पाणी टाकून, मग शिजवा. त्या कालवणात वरून मीठ घालू नका. मीठ न लावता उन्हात वाळवलेला जवळा, गोलमा हे त्याहून बरे. रक्तदाब असलेल्यांनी खारे मासे सणासुदीपुरतेच ठेवावेत.

दुसरी खोट म्हणजे भाताचा डोंगर आणि त्यावर चमचाभर कालवण. नांगर धरणाऱ्याला तो भात पचत होता. आता घराघरात पॉवर टिलर आणि दुचाकी आली, पण ताटातला डोंगर तेवढाच राहिला. त्यातून मधुमेह घरात शिरतो. उकड्या तांदळाने रक्तातली साखर पांढऱ्या सुरयपेक्षा थोडी सावकाश चढते, परंतु भात तो भातच, प्रमाणातच घ्यावा. तिसरे खोबरे. खोबरे आपल्या कालवणाचा प्राण आहे, ते सोडा असे कोणी म्हणणार नाही. पण वाटणही खोबऱ्याचे, फोडणीही सढळ आणि वर तळलेली तुकडी, हे तिन्ही एकाच जेवणात रोज नको.

राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक सूत्रे काढली. साधारण 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यांत दिवसाला सुमारे 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे आणि 300 मिलिलिटर दूध किंवा दही असे प्रमाण सांगितले आहे. मासे-अंडी खाणाऱ्यांनी डाळीचा काही भाग त्यांनी भरून काढला तरी चालते. हे प्रमाण आपल्या ताटाशी ताडून पाहा. धान्य आपण बहुधा जास्त खातो. कडधान्य आणि भाजी निम्मीही खात नाही. कष्टाचे काम करणाऱ्याला यापेक्षा जास्त लागेल, पण वाढवताना नुसता भात वाढवू नये, सगळेच त्या प्रमाणात वाढवावे. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने बदल करावेत.

आता गुंठ्यांचा हिशेब

पाच माणसांचे घर धरू. प्रत्येकाला दिवसाला नाचणीची एक भाकरी, म्हणजे 60 ग्रॅम पीठ. पाच जणांचे 300 ग्रॅम. वर्षाला झाली सुमारे 110 किलो नाचणी. कुळीथ प्रत्येकी 30 ग्रॅम म्हणजे घराला रोज 150 ग्रॅम, वर्षाला 55 किलो. गुंठ्याला नाचणी 10 किलो आणि कुळीथ 5 किलो असे हिशेबासाठी धरले, तर दोन्हींना प्रत्येकी 11 गुंठे लागतील. जमीन कसदार असेल तर कमी, कातळालगतची हलकी असेल तर जास्त. म्हणजे वरकस जमिनीचा एक तुकडा आणि भातानंतर रिकाम्या राहणाऱ्या मळ्याचा एक कोपरा! कुळथाला तर वेगळी जमीनही नको, भात कापल्यावर ओल आहे तोवर पेरा म्हणजे झाले.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नाचणीच्या दापोली-1, दापोली-2 अशा सुधारित जाती दिल्या आहेत. आपल्या जमिनीला कोणती मानवेल, बियाणे कुठे मिळेल, हे गावच्या कृषी सहाय्यकाला किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. रानडुकरांचा आणि माकडांचा त्रास आहे, त्यामुळे लोकांनी नाचणी सोडली, हे खरे आहे. एकट्याने तुकडा केला तर राखण परवडत नाही. शेजारच्या चार-पाच घरांनी लागून पेरा केला, तर राखण वाटून घेता येते.

संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून शहरात नाचणीला मागणी आली. नाचणीची बिस्किटे, नाचणीचे चिप्स दुकानात आले. भाव मिळतो तर जरूर विका. पण विकताना आपण किलोचा भाव घेतो आणि परत घेताना पुड्याचा भाव देतो, हे विसरू नका. पुड्यावर घटकपदार्थांची यादी असते, तीत जे सर्वांत जास्त ते पहिले लिहावे लागते. पहिले नाव मैदा आणि दुसरे साखर असेल, तर ते नाचणीचे बिस्कीट नव्हे, नाचणीचे नाव लावलेले बिस्कीट आहे. मुलाच्या हातात त्यापेक्षा नाचणीचे घावण आणि गूळ द्या.

मंडळी, आज सांगितलेले थोडक्यात असे :

• मळणी झाली की विक्रीआधी घरची नाचणी, कुळीथ आणि उकड्याचा भात मापून कणगीत ठेवा. उरेल ते विका.
• तांदूळ बेताने धुवा, भाताचे पाणी फेकू नका. पेजेबरोबर पिठी, उसळ, अंडे किंवा मासळी ठेवा.
• सहा महिन्यांवरील बाळाला मोड आणलेल्या नाचणीची शिजवलेली खीर द्या.
• कडधान्य भिजवून, मऊ शिजवून खा. जेवणात लिंबू, आवळा किंवा कैरी असू द्या, चहा तासाभराने घ्या.
• विहिरीजवळ एक शेवगा लावा. पाल्याची भाजी रोज नाही तर दिवसाआड करा.
• खारी मासळी भिजवून वापरा, वरचे मीठ कमी करा.
• घरातल्या बाईचे ताट आधी काढून ठेवा.

भाताचे बियाणे आपण कितीही अडचण आली तरी खात नाही. पुढच्या वर्षाचे पीक त्यावर अवलंबून असते, म्हणून ते आधी बाजूला काढतो. घरची मुले आणि त्यांची आई यांच्या वाट्याचे धान्यही त्याच समजुतीने बाजूला काढावे. या हंगामाचे खळे लावाल तेव्हा एवढे ध्यानात ठेवा.